अपूर्णांकातलं इंजिन

बव्हेरियाच्या सरकारी रेल्वेचं 'एस ३/६' हे नाव कानावर पडलं की जाणकाराला निम्मं इंजिन तिथंच दिसतं. 'एस' म्हणजे जलद गाड्यांचं. एकूण आस सहा, त्यांतले तीन वाफेच्या जोरावर फिरणारे, बाकीचे तीन नुसता भार पेलणारे. प्रवासी गाडीला 'पी', मालगाडीला 'जी'. पाणी-कोळसा इंजिनावरच असेल तर जोडीला 'टी', स्थानिक मार्गासाठी असेल तर 'एल'. म्हणून 'पीटीएल २/२' म्हणजे दोनच आसांचं, दोन्ही फिरणारे असलेलं चिमुकलं इंजिन.

आधीची पद्धत वेगळी होती. फिरणारा आस एक असेल तर ए, दोन असतील तर बी, तीन असतील तर सी; पण डी टाकीवाल्या इंजिनांना देऊन टाकलेलं, त्यामुळे चार आसांना ई. पुढचा रोमन आकडा नुसता क्रम सांगायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अपूर्णांक आला आणि नावात यंत्र दिसू लागलं.

मला या अपूर्णांकाचं मोल वाटतं ते पकडीमुळे. जड गाडी ओढताना चाकं रुळावर घसरू नयेत, तर वजन फिरणाऱ्या आसांवरच हवं. मालगाडीच्या 'जी ५/५'चे पाचही आस त्यासाठीच जुंपलेले. वेग हवा असेल तर मोठा बॉयलर लागतो, आणि तो पेलायला जास्तीचे आस. मुन्शेनच्या माफाई कारखान्याचं 'एस २/६' हे त्याचं टोक: १९०७ साली मुन्शेन-आउग्सबुर्ग मार्गावर ते ताशी १५४.५ किलोमीटर धावलं. असं इंजिन एकच बनलं. ते न्यूर्नबर्गच्या संग्रहालयात आहे. दुसरं टोक 'जीटी २×४/४': चार-चार आसांचे दोन संच, सगळेच फिरणारे. नॉयनमार्क्टजवळच्या चढावर गाड्यांना मागून रेटायला ते वापरत.

चाकाचा व्यास मात्र या नावात नाही. 'एस ३/६'ची बहुतेक इंजिनं १,८७० मिलिमीटर चाकांची, तर अठरांची चाकं २,००० मिलिमीटरची, नाव तेच. आपल्या भारतीय रेल्वेच्या 'डब्ल्यूपी' इंजिनाच्या नावातून ब्रॉडगेज आणि प्रवासी एवढं कळतं, आसांचा पत्ता नाही. त्यापुढे बव्हेरियाचं नाव बरंच बोलकं.

१९२० साली बव्हेरियाची रेल्वे जर्मनीच्या राष्ट्रीय रेल्वेत गेली. १९२५च्या नव्या क्रमांकयोजनेत जलद इंजिनांना १ ते १९ हे गट मिळाले. त्यांत 'एस ३/६'च्या वाट्याला १८ आला. या प्रकाराची शेवटची इंजिनं १९३१पर्यंत बनत राहिली आणि कारखान्यातून निघाली ती १८चाच क्रमांक घेऊन.