लाकडी बैलाची गोष्ट कोण रचतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या गल्ल्यांमधून लाकडी बैल निघतात. चाकांवरचे, दोरीनं ओढायचे. कुणाचा बैल ओंजळीत मावणारा, कुणाचा ओढणाऱ्या पोरापेक्षा उंच. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. हा तान्हा पोळा. सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) गावचा तान्हा पोळा तर तिथल्या भल्यामोठ्या लाकडी नंदींसाठी नावाजलेला आहे. या प्रथेचं मूळ नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यात, दुसऱ्या रघूजींच्या काळात असल्याचं मानतात; साल १८०६ सांगतात. खऱ्या जोडीचा कासरा हातात मिळायला ज्यांना अजून बरीच वर्षं आहेत, ती पोरं त्या दिवशी बैलाचे मालक असतात. दारोदार जातात, घरची बाई बैलाला ओवाळते, पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे ठेवते.

लाकडी बैलाला नियमावली नसते. तो मारका की गरीब, बाजारातून आणलेला की घरच्या गाईचा, त्याचा जोडीदार कुठे गेला, हे सगळं पोरानं ठरवायचं. मोठ्यांच्या आयुष्याची नक्कल करता करता आपली गोष्ट रचण्याचा हा खेळ भातुकलीइतकाच जुना असावा. गेल्या काही दशकांत तो पडद्यावर गेला. घर चालवायचे, शेती करायचे, गाव वसवायचे व्हिडिओ गेम आले आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्न आला: गोष्ट कुणाची, गेम बनवणाऱ्याची की खेळणाऱ्याची?

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं नाव ‘द सिम्स’. त्याचा जनक विल राइट. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड परिसरात लागलेल्या भीषण आगीत त्याचं घर गेलं. पुन्हा संसार उभा करताना माणसाला नक्की कोणत्या वस्तू लागतात, आणि कशासाठी, हा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. त्यातून आकाराला आलेल्या गेमला तो बाहुलीघर म्हणायचा. बाहुलीघर कोण खेळणार, अशी शंका त्याच्या कंपनीत होती. २००० साली गेम बाजारात आला आणि विक्रीनं ती शंका पार मोडीत काढली.

सिम्समध्ये जिंकणं-हरणं नाही, शेवट नाही. माणसं बनवा, घर बांधा, भूक, झोप, एकटेपणा सांभाळा. पण खरी हुशारी त्यांच्या बोलण्यात आहे. ही माणसं ‘सिम्लिश’ नावाची अर्थहीन भाषा बोलतात. आधी खऱ्या भाषा वापरून पाहिल्या होत्या. शेवटी कलाकारांना माइकपुढे बसवून उत्स्फूर्त बडबड करून घेतली. डोक्यावरच्या फुग्यात एखादं चित्र दिसतं: पैसा, बाळ, फुटलेलं हृदय. बाकीचं संभाषण खेळणाऱ्यानं मनात भरायचं. नवरा-बायको भांडताहेत एवढं दिसतं. हुंड्यावरून, सासूवरून की उसाच्या बिलावरून, ते तुम्ही ठरवा. सिम्समध्ये ना मराठी आहे ना हिंदी, तरी वर्ध्यातल्या देवळी गावात बसून खेळणाऱ्याच्या कानात ती माणसं खुशाल वऱ्हाडी बोलू शकतात. गेम जिथे गप्प बसतो, तिथेच खेळणाऱ्याला जागा मिळते. ही गप्प बसण्याची कला फार थोड्या गेमकारांना साधली आहे.

ही मोकळीक कुठवर जाते, याचं एक देखणं उदाहरण २००९ मधलं आहे. रॉबिन बर्किन्शॉ हिनं ‘द सिम्स ३’मध्ये केव्ह नावाचा बाप आणि अॅलिस नावाची त्याची मुलगी घडवली. घर दिलं नाही, पैसा दिला नाही. मोकळ्या प्लॉटवर बाकडी तेवढी ठेवली. बाप तापट, मुलांचा तिटकारा असलेला. मुलगी प्रेमळ, पण स्वतःवर जराही विश्वास नसलेली. मग बर्किन्शॉ त्यांचं जगणं पाहत गेली आणि चित्रांसह लिहीत गेली. अॅलिस शाळेत पेंगते, दुसऱ्यांच्या घरी जाऊन झोप काढते, पुढे काम धरते. आणि हातात पैसे येताच तिच्या मनात इच्छा उमटते ती ते दान करण्याची. हे बर्किन्शॉनं लिहिलेलं नव्हतं. स्वभावाचे दोनचार गुण आणि गेमचं गणित यांतून ते निघालं, आणि तिनं ते होऊ दिलं. जगभरच्या वाचकांना त्या पोरीनं चटका लावला. ही गोष्ट लिहिली कुणी, याचं सरळ उत्तर देता येत नाही, आणि तीच या प्रकाराची गंमत.

‘रिमवर्ल्ड’नं तर निवेदकच गेममध्ये आणून बसवला. खेळणाऱ्यानं वसवलेल्या वसाहतीवर कधी रोगराई सोडायची, कधी उसंत द्यायची, हे तो ठरवतो. खेळायला बसताना निवेदक निवडायचा असतो. त्यातल्या रँडी नावाच्या निवेदकाला तर धरबंदच नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ दुसऱ्या टोकाला आहे. तिथे भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा आधीच बांधलेली. खेळणाऱ्यानं ती पार पाडायची. तो प्रकार कमी दर्जाचा नाही, पण तिथे आपण प्रेक्षकाच्या जवळ असतो.

मोकळीक असलेल्या गेमनाही कुंपण असतं, आणि ते शेतीच्या गेममध्ये चटकन दिसतं. या वाटेची सुरुवात १९९६ मध्ये जपानच्या ‘हार्वेस्ट मून’नं केली. त्याचा कर्ता यासुहिरो वादा खेड्यातून टोकियोत आला होता. मागे राहिलेल्या गावाची ओढ त्या गेममध्ये उतरली. त्याच वळणावर एरिक बॅरोननं चारेक वर्षं एकट्यानं खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ केला. तो २०१६ मध्ये आला. आजोबांची पडीक जमीन मिळते, पुढे काय पिकवायचं, कुणाशी लग्न करायचं, की सगळं सोडून मासे धरत बसायचं, ते आपल्या हाती. गेम सुंदर आहे, यात वाद नाही.

पण वर्ध्याच्या कापूसउत्पादकाला तो थोडा परीकथेसारखा वाटेल. चार ऋतू, प्रत्येकी २८ दिवस. त्यात पावसाळा नाही. पाऊस पडला की पिकाला आयतं पाणी. विजेनं एखादं रोप जळतं, कावळे टोच मारतात. त्यावर वीजरोधक दांडी आणि बुजगावणं हे उपाय. माल पेटीत टाका, पैसे सकाळी जमा. गावानं एकदम तेच पीक काढलं म्हणून भाव पडला, असं होत नाही. निन्टेन्डोच्या ‘अॅनिमल क्रॉसिंग’मध्ये कर्ज आहे, पण बिनव्याजी आणि बिनमुदतीचं! कृषिकर्जाच्या पायी होरपळलेल्या विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये केंद्रानं ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धाही होता. त्या जिल्ह्यातली गोष्ट या गेममध्ये रचायची तर लागणारी अक्षरंच तिथे नाहीत. सावकार नाही, नापिकी नाही, दुबार पेरणी नाही. स्वातंत्र्य पुष्कळ, पण संकटांची यादी दुसऱ्यानं केलेली.

याउलट पोळ्याच्या तोरणाखालच्या झडत्या, म्हणजे यमकदार ओळी. शेतकरी एकमेकांना आणि सरकारला चिमटे काढत त्या म्हणतात. भाव, कर्ज, पुढारी, काहीच सुटत नाही. जुन्या झडतीत यंदाची ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

पडद्यावर तशी सोय थोडीफार झाली आहे ती हौशी खेळाडूंच्या ‘मॉड’मुळे, म्हणजे गेमच्या फायलींमध्ये स्वतःची भर घालण्यामुळे. सिम्ससाठी साड्या आणि दागिने असेच आले. कंपनीलाही जाग आली. २०२१ मध्ये ‘सिम्स ४’साठी मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेल्या कपड्यांचा संच निघाला. स्टारड्यूमध्ये मूळच्या पिकांत कापूस नाहीच. तिथलं कापड लोकरीपासून होतं. हिंगणघाटच्या एखाद्या पोरीनं उद्या तिथे कपाशी लावायचं मनावर घेतलं, तर तिला काही आकडे भरावे लागतील: बोंड फुटायला किती दिवस, वेचे किती, क्विंटलला भाव काय. आणि २०१७ मध्ये विदर्भाची कपाशी पोखरून गेलेली गुलाबी बोंडअळी गेममध्ये घ्यायची की नाही, हेही तिलाच ठरवावं लागेल.