आंबट तोंडाचे कामगार

समई काळवंडली की मालवणात आधी आठवतं ते कोकम. चोळा, धुवा, लख्ख! काही जीवाणू हाच उद्योग दगडावर करतात. साखर खातात, ग्लुकॉनिक, सायट्रिक अशी आम्लं बाहेर टाकतात आणि खडकात कॅल्शियमने धरून ठेवलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळं होतं. ना भट्टी, ना गंधकाम्लाच्या टाक्या. फक्त घाई नको.

दगड कुठला? सिंधुदुर्गाकडे रेडीचं लोहखनिज आहे, कासार्ड्याची सिलिका वाळू आहे. खडक-फॉस्फेटसाठी मात्र राजस्थान गाठावं लागतं. उदयपूरजवळच्या झामरकोटड्यात १९६८ साली मोठा साठा सापडला. तिथलं स्फुरद ज्या स्ट्रोमॅटोलाइट खडकांत आहे, ते दीड अब्ज वर्षांहून जुन्या समुद्रात सूक्ष्मजीवांनीच थरावर थर चढवून रचले. कुलूप घालणारे आणि उघडणारे एकाच खानदानातले!

खत कारखान्यांना साधारण ३० टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइडचा दगड हवा असतो. त्याच्या निम्म्यावर अडकलेल्या हलक्या मालाला जीवाणू दोन तऱ्हांनी वर काढू शकतात: स्फुरदच विरघळवून घ्यायचं, नाहीतर सोबतचा चुनखडीचा भाग खाऊन टाकायचा. दुसऱ्या तऱ्हेत उरलेला दगड आपोआप श्रीमंत होतो.

आता आपल्या मातीची लबाडी ऐका. काळ्या जमिनीत हा हलका दगड खत म्हणून थेट टाकला तर नुसता पडून राहतो. कोकणातली जांभ्याची तांबडी माती जात्याच आंबट, म्हणून ती त्याला हळूहळू विरघळवते. पण एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते: चिऱ्याला लाल करणारं लोह आणि त्याचा जोडीदार ॲल्युमिनियम सुटलेल्या स्फुरदाला घट्ट धरून बसतात. भाताच्या मुळाशी स्फुरद असूनही रोप उपाशी. म्हणून लावणीआधी तरव्याची मुळं पीएसबीच्या, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जीवाणूंच्या, पाण्यात बुडवतात. बियाण्याला लावायचं तर दहा किलोला २५० ग्रॅम, चिकटायला गुळाचं पाणी, वाळवणं सावलीत. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जीवाणू शेवटी. क्रम चुकला तर पाहुण्याला पाटावर बसवून विष वाढल्यासारखं!

जीवाणू कामाचा की आळशी, हे ओळखायची युक्ती १९४८ची, पिकोव्हस्काया या रशियन संशोधिकेची. दुधी रंगाच्या फॉस्फेटच्या थरावर जीवाणू वाढवायचा. कामसू असेल तर त्याच्याभोवती पारदर्शक वर्तुळ उमटतं, चंद्राला खळं पडावं तसं.

मालवणचं घरचं फॉस्फेट-खनिज म्हणाल तर बांगड्याचा काटा. हाडातलं खनिज खडक-फॉस्फेटच्याच कुळातलं. माडाच्या बुंध्याशी मासळीची कुटी घालणाऱ्यांनी शास्त्राची वाट पाहिली नाही. बाकीचं जमिनीतल्या जीवाणूंनी पाहून घेतलं.

आता या स्फुरदाच्या शोधाची गोष्ट. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं १६६४ साली. पाचच वर्षांनी, १६६९मध्ये, हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने सोन्याच्या लोभापायी लघवी आटवता आटवता फॉस्फरस शोधला. तो अंधारात चमकला, म्हणून हे नाव. त्याचा अर्थच प्रकाश आणणारा. आपल्या किनाऱ्यावर कधीकधी रात्री लाटा निळ्या पेटतात, त्यालाही लोक फॉस्फरसच समजतात. साफ चूक! ती करामत नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची.