बॅटरी बदलण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या आणि आमची जीप सुरू होईना. चौघांनी धक्का मारून कशीबशी दवाखान्यात पोचवली. दुसऱ्या दिवशी आम्ही नवी बॅटरी आणली. आठवड्यात तीही उतरली. दोष होता आल्टरनेटरच्या सैल पट्ट्यात. घागर भरेना म्हणून आम्ही घागर बदलली, रहाटाकडे पाहिलेच नाही!

म्हणून शेतकरी बंधूंनो, आधी क्रमाने पाहा. किल्ली फिरवताच बॅटरीचा तांबडा दिवा लागावा व इंजिन सुरू होताच विझावा. विझला नाही तर चार्जिंग होत नाही असे समजावे. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबावा. साधारण अर्ध्या इंचाहून जास्त दबला तर ताणून घ्यावा. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवावी, तारा घट्ट कराव्यात. मग मीटर लावावा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असता सुमारे १२.६ दाखवते, इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ हवेत. आकडा चढलाच नाही तर आल्टरनेटर मिस्त्रीला दाखवावा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीचे पाणी आटेल.

जुन्या डायनामोच्या सवयीने चालू इंजिनात बॅटरीची तार मात्र काढू नये. आल्टरनेटरचे डायोड जळतात. बॅटरीजवळ विडी-काडीही नको. तिच्यातला वायू भडकला तर ॲसिड डोळ्यांत उडते.

ही तपासणी पाऊस सुरू होण्याआधीच करावी. रात्रीची निकड सांगून येत नाही.