दसऱ्याची माती, ऑलिंपिकची मॅट

म्हैसूरचा दसरा म्हणजे जंबो सवारी, अशी बाहेरच्यांची समजूत असते. शहरातील जुन्या 'गरडी मने' म्हणजे तालमी मात्र वाट पाहतात ती देवराज अरस क्रीडांगणातील कुस्त्यांची. मातीतल्या नाडकुस्तीत पाठ टेकली की निकाल. गुणांचा हिशेब नाही.

याच खेळाला २०२० च्या ऑलिंपिकमधून वगळावे, अशी शिफारस १२ फेब्रुवारी २०१३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने केली. निकषांत तिकीटविक्री होती, दूरचित्रवाणीचा प्रेक्षक होता. ऑलिंपिकविषयीची ओढ ओसरते आहे ही चिंता खरी असली, तरी तिचा भार प्राचीन ऑलिंपिकपासून चालत आलेल्या खेळावर टाकणे विपरीतच होते. जागतिक संघटनेने अध्यक्ष बदलला, नियम सुटसुटीत केले आणि ८ सप्टेंबरला ब्युनोस आयर्स येथे ४९ मतांनी कुस्ती परतली. स्क्वॉशला २२ मते पडली.

मराठी मनाला ही शिफारस अधिक झोंबली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुस्तीचेच: हेलसिंकी, १९५२, गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. (असे तारण बँकेच्या दप्तरी क्वचितच आढळावे!)

मातीतून मॅटवर जाणे सोपे नसते. मातीत पाय रुततो. मॅटवर वेग लागतो. १९४८ मध्ये लंडनला खाशाबा सहावे आले होते, कांस्यपदकासाठी आणखी चार वर्षे घालवावी लागली. म्हैसूरच्या मल्लांना ही चार वर्षे कोण देणार?