अर्धविराम एक, एरर सात

डिप्लोमाचं पहिलं वर्ष. निळाशार स्क्रीन, पिवळी अक्षरं, एका मशीनवर तिघं जण आणि फळ्यावरून जसाच्या तसा उतरवलेला दहा ओळींचा प्रोग्रॅम. कंपाइल केला. सात एरर! मॅडमनी मागून डोकावून एका ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकला आणि सातच्या सात गायब. हे आपल्याला जमणारं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. सहामाहीअखेर केटी लागली तेव्हा तर खात्रीच पटली.

खूप नंतर कळलं की नवशिका जिथे जिथे तोंडावर आपटतो, तिथे आधी भलीभली माणसं आपटून गेली आहेत. एक तर रॉकेटसकट.

आधी त्या अर्धविरामाचं बघू. टर्बो सी ओरडायचं, ‘स्टेटमेंट मिसिंग’, आणि पुढे नुसता एक ; काढायचं. पण बोट दाखवायचं खालच्या ओळीकडे! चोरी एका घरात, पोलीस शेजारी. झालं असं, की सी भाषेला ओळ संपल्याचं काहीच वाटत नाही. नवी ओळ म्हणजे तिच्या लेखी फक्त मोकळी जागा. ती वाचत वाचत खालच्या ओळीत शिरते, तिथला पहिला शब्द मागच्याशी जुळत नाही, मग तिथे बोंब ठोकते. आणि एकदा संदर्भ सुटला की पुढचं सगळंच तिला चुकीचं दिसायला लागतं. म्हणून सात एररपैकी फक्त पहिली दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. उरलेल्या सहा बहुतेकदा तिचीच पिल्लं असतात. हे वाक्य कुणी पहिल्या तासाला सांगितलं असतं, तर माझी केटी वाचली असती.

टर्बो सी हेही एक प्रकरणच. बोरलँड कंपनीने ते १९८७ साली बाजारात आणलं. आपल्याकडच्या कॉलेजांनी ते असं धरून ठेवलं, की जग पुढे गेलं तरी लॅब तिथेच. ते १६ बिटांचं. ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाही. मग ते डॉसबॉक्समध्ये चालवायचं. डॉसबॉक्स हे मुळात जुने डॉसचे गेम खेळता यावेत म्हणून लिहिलेलं सॉफ्टवेअर! म्हणजे खेळाच्या यंत्रात बसून आम्ही प्रॅक्टिकल दिली. आणि ज्यांच्याशिवाय प्रोग्रॅम अपुरा, असं आम्हाला वाटायचं, ती ‘क्लिअरस्क्रीन’ आणि ‘गेटसीएच’ ही जोडी? प्रमाण सी भाषेत ती नाहीच. शेवटी गेटसीएच लिहायचं कारण एवढंच, की नाहीतर उत्तर डोळ्यांसमोरून झर्रकन निघून जायचं.

या सगळ्यात आधार एकच होता, ‘लेट अस सी’. लेखक यशवंत कानेटकर, आपल्या नागपूरचे. देशभरातल्या किती हॉस्टेलांत या पुस्तकाच्या जिल्दी खिळखिळ्या झाल्या असतील, देव जाणे.

पहिला नमस्कार कुणी केला?

पहिला प्रोग्रॅम ‘हॅलो वर्ल्ड’ छापायचा, ही जगभरची मुंज. ही प्रथा रूढ केली बेल लॅब्समधल्या ब्रायन कर्निगन यांनी. सीची आधीची भाषा होती बी. तिच्या शिकवणीवजा टिपणात हे शब्द आले, आणि १९७८च्या सी भाषेवरच्या पुस्तकाने ते जगभर पोचवले. सुचले कसे? अंड्यातून डोकं काढून पिल्लू ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणतंय असं एक व्यंगचित्र पाहिल्याचं आठवतं, असं कर्निगन यांनी सांगितलं आहे. पिल्लू तरी पहिल्या प्रयत्नात बोललं. आमचं ‘हॅलो वर्ल्ड’ तिसऱ्या दिवशी आलं, तेही ‘हॅलो वल्ड’.

चारशे वर्षं बरोबर चाललेलं चिन्ह

‘एक्स बरोबर एक्स अधिक एक.’ दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात हे लिहिलं असतं तर सरांनी वही भिरकावली असती. दोष बिचाऱ्या = चा नाही. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांना १५५७ साली ‘च्या बरोबर आहे’ हे पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कुठल्या दोन गोष्टी असणार, म्हणून त्यांनी त्या रेघा वापरल्या. पुढे १९५७ साली फोरट्रान आली आणि तिने तेच चिन्ह ‘उजवीकडचं डावीकडच्या डब्यात ठेव’ या अर्थाने उचललं. बरोबर चारशे वर्षांनी. सी त्याच वाटेने गेली, मग तुलनेसाठी दोन = लिहायची वेळ आली. ‘इफ’मध्ये एकच = टाकला की प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि बिनतक्रार चुकतो. टर्बो सी ‘पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट’ असा इशारा द्यायचं खरं. पण एरर नाही ना, मग वॉर्निंग कोण वाचतो?

फोरट्रानचाच आणखी एक वारसा. लूपमधला आकडा मोजायला सगळे ‘आय’ का घेतात, हा ओरलचा हमखास प्रश्न. गणितात ती सवय होतीच, फोरट्रानने ती पक्की केली. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक, बाकीची सगळी ‘रिअल’. त्यावरून जुन्या मंडळींचा विनोद आहे: गॉड हा रिअल आहे, कुणी इंटिजर जाहीर करेपर्यंत.

तळमजल्यापासून मोजा

ॲरेची मोजणी शून्यापासून का? पाच खोल्या, आणि शेवटचीचा नंबर चार! मी यावर आठवडाभर कुरकुरलो. खरं तर आपण सगळे अशाच इमारतींत राहतो. आधी तळमजला, त्यावर जिना चढलं की ‘पहिला’. लिफ्टमध्ये शून्याचं बटण दाबताना कुणाला प्रश्न पडत नाही. एड्सखर डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९८२ साली शून्यापासूनच का मोजावं यावर एक खास टिपण लिहिलं. सी मात्र पाच नंबरची खोली मागितली तरी अडवत नाही. शेजाऱ्याचं दार उघडून आत जे असेल ते आणून देते. त्यालाच आपण लॅबमध्ये ‘गार्बेज व्हॅल्यू’ म्हणतो.

याच डाइकस्ट्रांची गंमत. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय लिहिला ‘प्रोग्रॅमर’. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने तो मान्य केला नाही, असा व्यवसायच नसतो म्हणून! शेवटी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं लिहावं लागलं. आपल्याकडे बायोडेटावर ‘आयटीत आहे’ एवढं असलं तरी पोह्यांचा कार्यक्रम ठरतो.

बत्तीस हजार सातशे सदुसष्ट

आता रॉकेट. टर्बो सीच्या ‘इंट’मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्यात एक मिळवला की उत्तर येतं उणे ३२,७६८. मी फॅक्टोरिअलचा प्रोग्रॅम लिहिला, सातपर्यंत ठीक, आठला उत्तर उणे! मशीन बिघडलं म्हणून मी लॅब असिस्टंटकाकांना बोलावून आणलं. बिघडलं काही नव्हतं. सोळा बिटांत तेवढंच मावतं. रिक्षाच्या जुन्या मीटरचे आकडे शेवटाला जाऊन फिरावेत तसं ते फिरतं.

४ जून १९९६ला दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचं एरियन ५ पहिल्यांदा उडालं. त्याच्या एका प्रणालीत ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या इंटिजरमध्ये बसवली जात होती. कोड एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतलेला. त्या रॉकेटच्या चालीला तो पुरत होता. नवं रॉकेट जास्त वेगाचं, संख्या मावली नाही, आणि साधारण चाळीस सेकंदांत चार उपग्रहांसकट सगळ्याच्या ठिकऱ्या. वर कडी म्हणजे, उड्डाण झाल्यावर त्या हिशेबाची गरजच नव्हती. कॉपी-पेस्ट आमच्या बॅचने शोधलेलं नाही.

बत्तीस बिटांची हद्द आहे २,१४,७४,८३,६४७. ‘गंगनम स्टाइल’ गाण्याने २०१४ साली ती ओलांडली, तेव्हा यूट्यूबने मोजणी ६४ बिटांवर नेल्याचं जाहीर केलं. हाच आकडा पुन्हा भेटणार आहे. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ते संपतील १९ जानेवारी २०३८ला, मंगळवारी सकाळी आपल्या ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी १९०१ सालचा डिसेंबर सुरू असेल.

बग म्हणजे पतंग, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात खरंच पतंग सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. पण दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. पतंग चिकटवणाऱ्यांनी तो विनोद म्हणूनच चिकटवला होता. ओरलला हे सांगितलंत तर एखादा मार्क जास्त मिळेल, किंवा वाद होईल.

आणि ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ हा संदेश ज्यांनी पाहिलाय, त्यांनी मनातल्या मनात टोनी होअर यांचं नाव घ्यावं. ‘नल’ ही कल्पना त्यांनी १९६५ साली एका भाषेत घातली. का, तर घालायला सोपी होती म्हणून! २००९ साली भर परिषदेत त्यांनी तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. इतक्या दिलदारपणे आमच्या ग्रुपमध्ये कुणी कधी चूक कबूल केली नाही.

नवीन उलटं केलं की काय होतं?

आता अनेक ठिकाणी सुरुवात पायथनने होते. नाव सापावरून नाही बरं का. गीडो व्हान रॉसम यांना ‘मॉन्टी पायथन’ हा ब्रिटिश विनोदी कार्यक्रम आवडायचा, त्यावरून. पायथनमध्ये शून्य पूर्णांक एकमध्ये शून्य पूर्णांक दोन मिळवा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. एक तृतीयांश जसा दशांशात कधी संपत नाही, तसा एक दशांश बायनरीत संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. म्हणूनच जाणते लोक पैशांचे हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात.

मराठी मुलांना मात्र खरी मजा पुढे आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव चक्क ‘वय’ किंवा ‘किंमत’ ठेवता येतं. ‘४२’ हे देवनागरीत अवतरणचिन्हांत देऊन इंटमध्ये टाकलं, तर ते निमूट बेचाळीस समजतं. पण तेच ४२ अवतरणचिन्हांशिवाय कोडमध्ये लिहा, सिंटॅक्स एरर! तिथे इंग्रजीच आकडे लागतात.

आणखी एक. ‘नमस्ते’ची लांबी विचारली तर पायथन सांगतं सहा. आपण मोजतो न, म, स्ते, म्हणजे तीन. त्याच्या हिशेबात हलन्त वेगळा, मात्रा वेगळी, सगळे वेगवेगळे मोजायचे. त्यामुळे ‘शब्द उलटा केला तरी तोच राहतो का’ हा जर्नलमधला ठरलेला प्रोग्रॅम मराठीत फसतो. ‘नवीन’ हा शब्द आपल्या कानाला दोन्हीकडून सारखा. पायथन मात्र वेलांटीही उचलून पुढे नेतं, ती आधीच्या ‘न’ला चिकटते आणि स्क्रीनवर येतं ‘नीवन’.

तेव्हा प्रॅक्टिकलला हाच प्रोग्रॅम आला, तर एक्सटर्नलसमोर ‘नवीन’ टाकू नका. ‘सरस’ टाका, तो चालतो.