विश्लेषण : हॅमॉक ताठ बांधणे धोक्याचे का? लांबी कमी-जास्त करता येणारी दोरी घरी कशी बनवायची?

कोकण किनाऱ्यावरचे सुरूचे बन असो की धरणाकाठचा शनिवार-रविवारचा मुक्काम, ट्रेकर्सच्या सॅकमध्ये आता तंबूच्या जोडीला हॅमॉकही दिसू लागला आहे. घडी केली की मूठभर होणारे कापड, दोन दोऱ्या आणि दोन झाडे एवढ्यावर झोपण्याची सोय होते. कापड निवडताना लोक रंगापासून शिवणीपर्यंत सगळे पाहतात, दोरीकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. मग झाडाला चार वेढे, गाठीवर गाठ आणि हॅमॉक कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ! ‘घट्ट बांधलाय, म्हणजे पडणार नाही’ असा यामागचा समज. भौतिकशास्त्र याच्या नेमके उलटे सांगते.

ताठ दोरीवर जास्त ताण का येतो?

हॅमॉकमध्ये झोपलेल्या माणसाचे वजन दोन दोऱ्यांत विभागले जाते, म्हणून ८० किलोच्या माणसामागे प्रत्येक दोरीवर ४० किलो ताण येत असेल, असे वाटते. दोऱ्या सरळ उभ्या असत्या तर ते खरे ठरले असते. पण हॅमॉकची दोरी तिरकी असते आणि वजन पेलण्याचे काम ताणाचा फक्त उभा भाग करतो. दोरी जितकी आडवी, तितका हा उभा भाग लहान. तेवढेच वजन उचलायला मग एकूण ताण वाढवावा लागतो.

माणसाचे वजन भागिले कोनाच्या साइनची दुप्पट, हे त्याचे सूत्र. कोन धरायचा तो आडव्या रेषेशी. दोरी ३० अंशांत असेल तर ८० किलोच्या माणसासाठी प्रत्येक दोरीवर ८० किलो ताण येतो. कोन १० अंशांवर आला की हाच ताण २३० किलोंवर जातो आणि ५ अंशांवर जवळपास ४६० किलो होतो. माणूस तोच, दोरीही तीच. हे आकडे स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचे आहेत. धपकन बसले किंवा मुलांनी त्यात उड्या मारल्या, तर क्षणभर याहून कितीतरी जास्त ताण येतो.

हाच ताण दुसऱ्या टोकाला झाडाला आडवा ओढत असतो. जिवंत, जाड झाड तो सोसते. विटांचा खांब, गच्चीचा कठडा किंवा कुंपणाचा पोल मात्र वरून येणारा भार पेलण्यासाठी बांधलेला असतो, आडव्या ओढीसाठी नव्हे. हॅमॉक बांधलेला विटांचा खांब अंगावर कोसळून परदेशात मृत्यू झाले आहेत. त्यामुळे फार्महाऊसवर ‘दोन खांब आहेत की’ म्हणून हॅमॉक लावण्याआधी थांबलेले बरे.

३० अंश ओळखायचे कसे?

कोनमापक नेण्याची गरज नाही. अंगठा आणि तर्जनी ताणून हाताचे ‘पिस्तूल’ करायचे. तर्जनीचे टोक आणि अंगठ्याचे टोक जोडणारी रेषा आडव्या बोटाशी साधारण ३० अंशांचा कोन करते. तो दोरीशी ताडून पाहायचा. अंदाज म्हणून एवढे पुरते. हॅमॉक केळ्यासारखा खाली झुकलेला दिसला पाहिजे. अशा झुकलेल्या हॅमॉकमध्ये किंचित तिरके झोपले की पाठ जवळपास सपाट राहते. ताठ हॅमॉकमध्ये उलट कापडाच्या दोन्ही कडा खांद्यांना आवळतात.

अडचण अशी, की झाडे काही मोजून लावलेली नसतात. कधी अंतर साडेतीन मीटर, कधी पाच. ठरावीक लांबीच्या दोरीने प्रत्येक ठिकाणी हा कोन मिळणे अशक्य. दर वेळी गाठ सोडा, पुन्हा बांधा, बसून पाहा, पुन्हा सोडा. अंधार पडल्यावर, पावसाची चिन्हे असताना हे करून पाहिलेल्यांना त्यातला वैताग वेगळा सांगायला नको. म्हणूनच लांबी सहज कमी-जास्त होणारी दोरी हवी. जगभरच्या हॅमॉकप्रेमींमध्ये तिचा लोकप्रिय प्रकार आहे ‘व्हूपी स्लिंग’. नाव गमतीदार असले तरी काम नेमके आहे. बाजारात ती तयार मिळते, पण घरी बनवायला तासाभराचे काम.

गाठ नाही, बकल नाही. मग दोरी सुटत कशी नाही?

कांदे-बटाट्याची जाळीदार पिशवी आठवा. लांबीच्या दिशेने ताणली की ती अरुंद होते, दोन्हीकडून आत दाबली की फुगते. व्हूपी स्लिंगची दोरी अशीच वेणीसारखी विणलेली, पण आतून पोकळ असते. तिचेच दुसरे टोक या पोकळीतून ओवून बाहेर काढले की एक फास तयार होतो. भार आला की बाहेरची वेणी ताणून अरुंद होते आणि आतल्या दोरीला करकचून धरते. ओढ जितकी जास्त तितकी पकडही जास्त. भार काढून वेणी दोन्ही बाजूंनी दाबली की पकड सैल होते आणि आतली दोरी सरकवता येते. या जोडणीत एकही हलता सुटा भाग नाही.

गाठ मारण्याऐवजी असे ओवण्याचे आणखी एक कारण आहे. गाठीत दोरी तीव्र वळण घेते, तिथे काही धागे जास्त ताणले जातात आणि काही मोकळे राहतात. यासाठी वापरली जाणारी दोरी तर इतकी गुळगुळीत असते, की साध्या गाठी तिच्यातून चक्क निसटतात आणि टिकल्याच तर दोरीची ताकद निम्म्यावर आणतात. नीट केलेल्या ओवणीत, म्हणजे ‘स्प्लाइस’मध्ये, बहुतांश ताकद शाबूत राहते. जहाजांवरचे खलाशी शतकानुशतके गाठीऐवजी दोराचे पीळ एकमेकांत गुंफत आले, ते यामुळेच.

दोरी कोणती घ्यायची?

हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी यासाठी चालत नाही. ती बहुधा पोकळ वेणीची नसते आणि उन्हात ठिसूळ होते. लागते ती ‘यूएचएमडब्ल्यूपीई’, म्हणजे अतिदीर्घ साखळीच्या पॉलिएथिलीनची १२ पेडी पोकळ दोरी. ‘डायनिमा’ आणि ‘स्पेक्ट्रा’ ही या धाग्याची दोन प्रसिद्ध व्यापारी नावे. पिशव्यांच्या प्लॅस्टिकच्याच कुळातला हा पदार्थ, पण रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब आणि एकाच दिशेने रचलेल्या. त्यामुळे जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाडीची चांगली दोरी ७०० किलोंच्या आसपास ताण सोसते. ती पाण्यावर तरंगते, भिजली तरी ताणत नाही.

या दोरीचे वैरी दोन. पहिली उष्णता. साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला हा धागा वितळतो, त्यामुळे शेकोटी, स्टोव्ह, सिगारेट यांपासून ती लांबच हवी. दुसरी धारदार कड. विकत घेताना व्यास आणि तुटण्याची क्षमता छापलेली आहे का, हे पाहावे. नुसते ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले असेल तर त्याला काही अर्थ नाही. माणसाच्या वजनाच्या निदान पाचपट क्षमता धरावी. ८० किलोंसाठी ती ४०० किलो होते, म्हणजे वरची पातळ दोरीही पुरते. अट एवढीच, की कोन ३० अंशांचा हवा. ५ अंशांत ताणलेल्या हॅमॉकने ही सगळी सवलत आधीच खाऊन टाकलेली असते.

प्रत्यक्ष बनवायची कशी?

दर बाजूला ३ मीटर, म्हणजे एका हॅमॉकला ६ मीटर दोरी लागते. सोबत धारदार कात्री, मार्कर, मोजपट्टी आणि दुमडलेली बारीक तार. पायजम्यात नाडी ओवायला सेफ्टी पिन लागते, तशी इथे ही तार.

आधी पक्का फास करायचा. दोरीच्या एका टोकापासून २५ सेंटिमीटरवर पहिली खूण करावी आणि तिथून पुढे १० सेंटिमीटरवर दुसरी. दुसऱ्या खुणेपाशी वेणीचे पेड अलगद उघडून २५ सेंटिमीटरचे शेपूट त्यातून आरपार काढायचे, दोन्ही खुणा एकमेकींना भिडेपर्यंत. आता शेपटावरच्या पहिल्या खुणेपाशी पेड उघडायचे आणि त्यातून दोरीचे दुसरे, लांब टोक संपूर्ण ओढून घ्यायचे. दोरी स्वतःतूनच दोनदा गेल्याने फास कुलूप लागल्यासारखा अडकतो. याला ‘लॉक्ड ब्रमेल’ म्हणतात. लांब टोक मोकळे असतानाच हे जमते, म्हणून ही पायरी पहिली.

उरलेले शेपूट तसेच बाहेर ठेवायचे नाही. त्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागातले काही पेड थोड्या थोड्या अंतरावर कापून ते निमुळते करायचे आणि तारेने मुख्य दोरीच्या पोकळीत ओवायचे. बाहेरची वेणी बोटांनी सरकवत त्यावर बसवली की टोक आत गडप होते. खरी पकड ही आत दडलेली लांबी देते, त्यामुळे इथे कंजुषी नको. दोरीच्या व्यासाच्या ७२ पट हा प्रचलित हिशेब. ३ मिलिमीटरला साधारण २२ सेंटिमीटर. शेपूट निमुळते केले नाही तर जिथे ते संपते तिथे दोरीची जाडी एकदम बदलते आणि ती जागा कच्ची राहते.

आता सरकता भाग. आत दडलेले शेपूट जिथे संपते, तिथून पाचेक सेंटिमीटर सोडून एक खूण आणि तिच्यापुढे २० सेंटिमीटरवर दुसरी. दोरीचे मोकळे टोक वळवून लांबच्या खुणेतून आत घालायचे आणि पक्क्या फासाकडच्या खुणेतून बाहेर काढायचे. दिशा उलटी झाली तर रचना चालत नाही. नवशिक्यांची हमखास चूक ती हीच. बाहेर आलेल्या टोकाला ठसठशीत गाठ मारून ठेवायची, म्हणजे ते चुकूनही आत सरकणार नाही. ही गाठ भार घेत नाही, ती फक्त अडसर आहे. तयार दोरीची लांबी साधारण अर्ध्या मीटरपासून सव्वा मीटरच्या पुढपर्यंत बदलता येते.

पक्का फास हॅमॉकच्या टोकाला आणि सरकता फास झाडाच्या पट्ट्याला, अशी ही जोडणी. मध्ये कॅराबिनर वापरायचा तर त्यावर किलोन्यूटनमध्ये क्षमता कोरलेली हवी. १२ किलोन्यूटन म्हणजे साधारण १,२०० किलो. स्टेशनबाहेर किचेन म्हणून मिळणारे रंगीत हुक दिसायला तसेच असतात, पण ते किल्ल्यांसाठीच ठीक.

पहिल्यांदा बसताना हॅमॉक जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवावा, खाली गादी किंवा मॅट अंथरावी आणि भार हळूहळू टाकावा. नंतर सरकत्या भागाच्या तोंडाशी मार्करने रेघ मारून अर्ध्या तासाने पाहावे. रेघ हलली असेल तर आत ओवलेली लांबी कमी पडली आहे. रिकामा हॅमॉक वाऱ्यावर फडफडला की वेणी सैल पडू शकते, त्यामुळे दर वेळी बसण्याआधी हाताने जोर देऊन दोरी ताणून घ्यावी लागते.

एवढा खटाटोप नको असेल तर?

साध्या पॉलिएस्टर दोरीवर ‘प्रुसिक’ गाठ हा पर्याय आहे. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ती ओळखली जाते. मुख्य दोरीभोवती तिच्याहून बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे घेतले की भार असताना ती आवळते आणि नसताना सरकते. गुळगुळीत डायनिमावर मात्र ती घसरते. नायलॉनही टाळलेले बरे. ते रात्रभर ताणत राहते आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते.

झाडाचे काय?

पातळ दोरी थेट खोडाला बांधली की ती सालीत रुतते आणि सालीखालचा जिवंत थर चिरडला जातो. म्हणून खोडाभोवती किमान अडीच सेंटिमीटर रुंद पॉलिएस्टरचा पट्टा, आणि व्हूपी स्लिंग त्या पट्ट्याला. खोड मांडीएवढे तरी जाड, जिवंत आणि न पोखरलेले हवे. शेवगा, पांगारा यांसारखी मऊ, ठिसूळ लाकडाची झाडे नकोतच. हॅमॉकमधली बसण्याची जागा खुर्चीपेक्षा उंच असू नये. खाली दगड, उतार किंवा पाणी नको.

पावसात दोरीवरून ओघळणारे पाणी सरळ कापडात उतरते. पक्क्या फासाजवळ सुती दोऱ्याचा तुकडा लोंबता बांधला की ते तिथूनच खाली ठिबकते. कोकणातल्या वाडीत मात्र दोरी सोडण्याआधी एकदा मान वर करून बघायची. दोन माड अगदी हव्या त्या अंतरावर असतात, पण वर पिकलेले नारळ आणि सुकलेली झावळ लटकत असेल तर ती जागा हॅमॉकची नाही.