विष कोणाचं, हे कोर्टात कसं ठरतं?

मोर्णेचं पाणी बाटलीत भरून आणायचं, सामू आणि जड धातू मोजायचे, तक्ता टाकायचा. एम.एस्सी.चे बरेच प्रकल्प इथेच संपतात. जठारपेठेतल्या अभ्यासिकेत मला एकीने विचारलं, "हाच तक्ता एखाद्या शेतकऱ्याला कोर्टात कामी येईल का?"

बहुतेक वेळा नाही. का नाही, हे विषय निवडण्याआधीच समजून घ्या.

जल कायदा, 1974 चं कलम 21 बघा. प्रदूषण मंडळाला कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना मालकाला तशी नोटीस द्यावी लागते. मग नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. ही पद्धत पाळली नाही, तर ते पृथक्करण पुरावा म्हणून चालतच नाही. यंत्र कितीही महागडं असो! आपण घेतलेल्या नमुन्याकडेही वकील याच नजरेने बघणार: कोणी घेतला, कुठून, मधल्या काळात कोणाच्या हातात होता?

विज्ञान कोर्टात टिकलं त्याचं मोठं उदाहरण राजस्थानातल्या बिछडी गावाचं आहे, आणि त्यात आपल्या नागपूरच्या नीरीचा हात आहे. तिथे 1987 पासून एच-ॲसिड बनत होतं. माल निघाला सुमारे 375 टन आणि विषारी गाळ सुमारे 2,440 टन! तो उघड्यावर पडला, पावसाने जमिनीत मुरला, विहिरी लालसर-तपकिरी झाल्या. 1989 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नीरीने 1994 मध्ये माती-पाण्याचा अहवाल दिला. 13 फेब्रुवारी 1996 ला निकाल आला: काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच नाही, प्रदूषण करणाऱ्याने खर्च भरावा. पुढे 37.385 कोटी रुपये ठरले, तरी कंपन्या 2011 पर्यंत भांडत राहिल्या.

पण हा पैसा जमीन-पाणी सुधारायला होता. ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांना नुकसानभरपाईसाठी दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवली, एवढंच. मला या निकालातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. अमुक विहीर, अमुक घर, अमुक आजार ही साखळी गावकऱ्याने एकट्याने कशी जोडायची?

बिछडीत निदान दोषी एकाच समूहाचे होते. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूर एमआयडीसीत कारखाने शेकड्यांनी, सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात, आणि तिथून नवापूरच्या समुद्रात. मासे कोणाच्या रसायनाने गेले? 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मच्छीमारांची संघटना, हरित लवादात गेली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि त्या केंद्रावर पर्यावरणीय भरपाई लावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

"माझा वाटा थोडाच" या बचावावर हरित लवाद कायदा, 2010 च्या कलम 17 मध्ये उत्तर आहे. नुकसान अनेकांच्या एकत्रित परिणामाने झालं असेल, तर लवाद जबाबदारी न्याय्य रीतीने वाटून देऊ शकतो. चूक सिद्ध करायचीही गरज नाही. मात्र कलम 15 खाली भरपाई मागायला मुदत साधारण पाच वर्षांचीच. हळूहळू चढणाऱ्या विषाला ही मुदत फारच तोकडी आहे, असं माझं मत.

म्हणून कोणाला या विषयात काम करायचं असेल, तर प्रदूषित विहिरीपासून सुरुवात करू नका. 'आधी' पाणी कसं होतं ते शोधा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मागा, प्रवाहाच्या वरच्या बाजूची एक स्वच्छ विहीर तुलनेसाठी धरा, आणि प्रत्येक बाटलीवर तारीख, जागा, घेणाऱ्याची सही त्याच दिवशी टाका.